यादी माहेरच्या नावाने लागते

मुलींच्या शाळेच्या नामवंत माजी विद्यार्थिनींची यादी करायला घेतली की पहिल्याच दिवशी घोडं अडतं ते नावापाशी. बाई ज्या नावाने नावाजल्या, त्या नावाची मुलगी शाळेत आलेलीच नसते. पुण्याच्या हुजूरपागेत इरावती कर्वे शिकल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शाळेत आली ती करमरकरांची इरावती. वडील गणेश हरी करमरकर, नोकरी ब्रह्मदेशात. मुलीचा जन्म १९०५ चा, नाव तिथल्या नदीवरून ठेवलेलं. सातव्या वर्षी तिला पुण्याला पाठवलं. कर्वे आडनाव लागलं ते दिनकर धोंडो कर्व्यांशी लग्न झाल्यावर. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे याच शाळेच्या, पण रणदिवे हे सासरचं. माहेर समर्थांचं, वडील दिनकर दत्तात्रेय फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. इंग्रजी चरित्रांत हेच आडनाव ‘समरथ’ असं वाचता येईल अशा स्पेलिंगने छापलंय, म्हणजे शोधताना दोन्ही बघायला हवं. शांता शेळके मात्र शेवटपर्यंत शांता जनार्दन शेळकेच राहिल्या, त्यामुळे त्यांचं काम सोपं. तरी त्यांनी काही गाणी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली आहेत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुण्यातल्याच, शंभरी ओलांडलेल्या एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या शाळेसाठी आम्ही अशी यादी केली. सुरुवातीला हे एका दिवाळीच्या सुट्टीत उरकेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन उन्हाळे गेले. त्या शाळेचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगायच्या आहेत त्या तिच्या कपाटातल्या आणि भिंतीवरच्या आहेत. उदाहरणांसाठी हुजूरपागा सोयीची पडते. तिच्या मुलींची चरित्रं छापलेली आहेत, कुणालाही ताडून बघता येतात.

सुरुवात रजिस्टरापासून करू नये. शंभर वर्षांच्या रजिस्टरांत हजारो ओळी असतात आणि ‘ही पुढे मोठी होणार’ असं कुठल्याच ओळीपुढे लिहिलेलं नसतं. आधी उमेदवार गोळा करायचे: रौप्य, सुवर्ण, शताब्दी अशा महोत्सवांच्या स्मरणिका, संमेलनांचे अहवाल, भिंतीवरचे फलक, निवृत्त बाईंच्या आठवणी. प्रत्येक नावाला एक कार्ड. कार्डावर सहा गोष्टी: प्रसिद्ध नाव, माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मवर्ष, हे आपल्याला कुणी सांगितलं, आणि रजिस्टर क्रमांक. शेवटची जागा सुरुवातीला कोरीच असते. पाचवी गोष्ट लिहायचा कंटाळा येतो, पण पुढे तीच कामाला येते. एकाच चुकीच्या भाषणातून चार स्मरणिकांत गेलेलं नाव पाचव्या जागेवरून पकडता येतं. चार ठिकाणी छापलंय म्हणून चार पुरावे झाले असं होत नाही.

मग कपाट उघडायच्या आधी साधी वजाबाकी. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. हुजूरपागा सुरू झाली २९ सप्टेंबर १८८४ ला. म्हणजे तिथे त्या विद्यार्थिनी असूच शकत नाहीत, पुढचं काही बघायचंच कारण नाही. रमाबाई रानडे मुलींच्या हायस्कुलासाठी झटल्या, पण त्या शिकल्या घरी, न्यायमूर्तींच्या हाताखाली. गौरवाच्या भाषणात प्रेरणास्थान, संस्थापक, शिक्षिका आणि विद्यार्थिनी या चार गोष्टी एकाच वाक्यात येतात, आणि दहा वर्षांनी त्याच वाक्यावरून कुणीतरी यादी करतं. आमच्या कार्डांतली बरीच नावं निव्वळ या वजाबाकीने गळली. काही बाई त्या शाळेत शिकवायला होत्या, शिकायला नव्हे.

दुसरी गल्लत संस्थांची. पुण्यात मुलींचं शिक्षण म्हटलं की भाषणात सगळं एकाच अंगणात येऊन बसतं. फुल्यांची भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ ला मुंबईत निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. अण्णासाहेब कर्व्यांची हिंगण्याची संस्था १८९६ ची, सेवासदन १९०९ चं. या सगळ्यांचे पट वेगळे. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, शारदा सदनच्या. बाळूताई खरे हिंगण्याच्या. त्याच मालतीबाई बेडेकर, आणि त्याच विभावरी शिरूरकर. एकाच बाईंची तीन नावं आणि शाळेचं नाव चौथीच संस्था सांगतेय, असं कार्ड हातात आलं की ते बाजूला ठेवायचं आणि आधी संस्था कुठली ते ठरवायचं.

एकाच शाळेची अनेक नावं असतात, हे त्याच्या उलटं. हुजूरपागा हे नाव जागेचं: पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा तिथे होती. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांनी शाळा काढली तेव्हा कागदोपत्री ती नेटिव्ह मुलींचं हायस्कूल होती. पुढे सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचं नाव लागलं आणि दाखल्यावर ‘एच. एच. सी. पी. हायस्कूल’ आलं. कमल रणदिव्यांच्या इंग्रजी परिचयात ही अक्षरं दिसतात आणि इरावतीबाईंच्या परिचयात ‘हुजूरपागा’ दिसतं. बाहेरगावचा माणूस या दोन शाळा समजतो. आपल्या शाळेची सगळी नावं, ती कुठल्या वर्षी बदलली यासकट, एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवावीत.

आता रजिस्टर. शाळेच्या भाषेत ‘जनरल रजिस्टर’, कारकुनाच्या तोंडी ‘जी. आर.’ हे कायम जपायचं दप्तर आहे, रद्दीत काढता येत नाही. रोजच्या हजेरीचे कॅटलॉग मात्र ठरावीक वर्षांनी निघतात, त्यामुळे जुन्या काळाचे मिळाले तर नशीब. जनरल रजिस्टरात ओळी प्रवेशाच्या क्रमाने असतात, अक्षरक्रमाने नव्हे. म्हणून माहेरचं नाव कळलं तरी प्रवेशाचं वर्ष अंदाजाने काढावं लागतं. जन्मवर्षात सहा मिळवले तर बिगारी, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, किंवा पहिलीचा प्रवेश, दहा-अकरा मिळवले तर हायस्कूलचा. जुन्या मुलींच्या बाबतीत दोन्हीकडे तीन-तीन वर्षं सोडून बघायचं. उशिरा शाळेत घातलेल्या मुली भरपूर आणि मध्येच शाळा सुटून परत आलेल्याही भरपूर.

प्राथमिक आणि माध्यमिक विभागांची रजिस्टरं वेगळी असतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. पहिलीपासून त्याच आवारात असलेल्या मुलीची दोन रजिस्टरांत दोन नोंदी होतात, आणि माध्यमिकच्या नोंदीत ‘मागील शाळा’ म्हणून याच शाळेचा प्राथमिक विभाग लिहिलेला असतो. फक्त माध्यमिकचं बघितलं तर ‘पाचवीत आली’ असं छापलं जातं आणि तिच्या घरचे रागावतात. रागावणं बरोबरच असतं.

इयत्तांचं गणित वेगळं मांडून ठेवावं. जुनी पद्धत चार मराठी इयत्तांची आणि नंतर सात इंग्रजी इयत्तांची होती. म्हणजे ‘इंग्रजी पहिली’ ही आजची पाचवी, ‘इंग्रजी चौथी’ ही आजची आठवी आणि ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, अकरावी. रजिस्टरात नुसतं ‘४ थी’ लिहिलेलं असेल तर ती मराठी चौथी की इंग्रजी चौथी हे वयावरून ठरवायचं. नऊ वर्षांची असेल तर मराठी, तेरा-चौदाची असेल तर इंग्रजी.

जन्मतारखांवर डोळे मिटून विश्वास टाकू नये. जून महिन्यात शाळा भरते, मुलीचं वय बसवायचं असतं, आणि घरी तारीख कुणाला आठवत नसते. मग गुरुजी लिहितात १ जून. एका पानावर पाच-सहा मुलींची तारीख १ जून दिसली की ते पान गुरुजींचं समजायचं. अशा ओळीत वर्ष ढोबळ मानायचं आणि दिवस-महिना धरायचाच नाही. काही जुन्या नोंदी शकात असतात. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. पौष, माघ आणि फाल्गुन या तीन महिन्यांत हमखास एका वर्षाची चूक होते. पौष तर दोन्हीकडे पाय देऊन उभा असतो, तिथे पंचांगच उघडावं.

फीची जुनी पुस्तकं मोडीत होती. मोडी वाचणारे आता शोधावे लागतात, पण मिळतात. एक लक्षात ठेवायचं, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे मोडी नोंदीवरून नावाचं शुद्धलेखन ठरवायचं नाही, फक्त माणूस ओळखायचा. शुद्धलेखन बाईंनी स्वतः सही कशी केली त्यावरून घ्यावं.

आणि आता सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. जनरल रजिस्टर उघडलं की नोंद दोन पानांवर पसरलेली असते. डाव्या पानावर क्रमांक, नाव, जात-धर्म, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. उजव्या पानावर मागील शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडतानाची इयत्ता, कारण, शेरा. मधे शिलाईची खोबण. शंभर वर्षांत बांधणी सैल झालेली असते, उजवं पान अर्धा बोट खाली सरकलेलं असतं, आणि नजर डावीकडच्या सतराव्या ओळीवरून उजवीकडच्या सोळाव्यावर जाते. मग एकीचा जन्म दुसरीच्या दाखल्याला चिकटतो. हे वाचताना कधीच कळत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात. आम्ही आधी फूटपट्टी लावून बघितली. ती खोबणीत उचलली जाते आणि वाकडी होते. शेवटी पांढरा शिवणदोरा घेतला, दोन टोकांना जुन्या पितळी घुंड्या बांधल्या आणि तो ओळीखालून आडवा टाकला. दोरा खोबणीत उतरतो आणि वर चढतो, सरळ राहतो. त्यावरही दुसरी खूण हवीच. बहुतेक रजिस्टरांत उजव्या पानाच्या कडेला क्रमांक पुन्हा लिहिलेला असतो. नसेल तर पानाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीपासून दोन्ही बाजूंनी मोजायचं. एकीने वाचायचं, दुसरीने लिहायचं, आणि लिहून झाल्यावर भूमिका बदलून तीच ओळ परत वाचायची. एकट्याने केलेल्या नोंदी आम्ही पक्क्या धरल्याच नाहीत.

पानं हाताळण्याबद्दल. पावसाळ्यात हे काम करू नये. पानं एकमेकांना धरतात आणि सोडवताना शाईसकट पापुद्रा निघतो. मार्च ते मे उत्तम. बोट जिभेला लावून पान उलटायची सवय पहिल्या दिवशीच मोडावी. जुनी काळी शाई लोहाची असते, ती कागद खाते. जाड रेघेच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक पडलेलं दिसतं. अशा पानाखाली पांढरा कागद सरकवला की भोकातूनही अक्षर वाचता येतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कुणीही लावू नये. आधीच्या कुणीतरी लावलेल्या पट्ट्या पिवळ्या पडून कडक झालेल्या असतात, त्या ओढून काढायचा मोह आवरायचा. फोटो घ्यायचे ते खिडकीशी, फ्लॅश बंद करून, फोन स्टँडवर लावून. दोन पानांचा एक, आणि मग डावं-उजवं वेगळं, असे तीन. पान क्रमांकाची चिठ्ठी फोटोत यायलाच हवी, नाहीतर संध्याकाळी घरी बसल्यावर सगळी पानं सारखीच दिसतात.

माहेरचं नाव कुठून काढायचं? प्रसिद्ध बाईंच्या बाबतीत मराठी विश्वकोश, पहिल्या पुस्तकाची प्रस्तावना, अर्पणपत्रिका. लग्नाआधी शाळेच्या वार्षिकात किंवा हस्तलिखितात काही लिहिलेलं असेल तर ते माहेरच्या नावानेच असतं. सगळ्यांत उपयोगी पडतात ते कुलवृत्तांत. घराण्याच्या वंशावळीत मुलीच्या नावापुढे ‘हिला अमक्या गावच्या तमक्यांस दिली’ अशी नोंद असते, कधी सासरच्या नावासकट. एका कुलवृत्तांताने आमची जितकी कार्डं सोडवली तितकी आठ दिवसांच्या फोनाफोनीने सुटली नव्हती. यात एक मेख आहे. कुलवृत्तांत छापले ते काही मोजक्या ज्ञातींनी. फक्त त्यांच्यावर विसंबलं तर त्याच घरांतल्या मुली पटापट सापडतात, बाकीच्या कार्डांवर ‘पुरावा नाही’ लिहिलं जातं, आणि यादी आपोआप दोन-तीन पेठांची होते. म्हणून बाकीच्यांसाठी जास्त वेळ राखून ठेवावा लागतो. वर्गाचे फोटो, बक्षीसवाटपाच्या याद्या, शिष्यवृत्तीची रजिस्टरं, त्याच वर्गातल्या मैत्रिणी: या वाटा लांबच्या आहेत, पण चालतात.

नुसतं आडनाव बदलत नाही, नावही बदलतं. लग्नात तांदळात नवं नाव लिहायचं. रमाबाई रानडे माहेरी यमुना कुर्लेकर होत्या, आनंदीबाई जोशीही माहेरी यमुनाच. म्हणून नाव हा कच्चा धागा धरायचा. आम्ही तीन गाठी ठरवल्या: माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव, जन्मवर्ष. तिन्ही बसल्या तर नोंद पक्की. दोन बसल्या आणि आडनाव दुर्मिळ असेल तर पेन्सिलने. कुलकर्णी, जोशी, पाटील, शिंदे असेल तर दोन गाठींवर काहीच म्हणायचं नाही. एकाच वर्षी, एकाच इयत्तेत, वडिलांच्या नावाचं आद्याक्षरही सारखं असलेल्या दोघी कुलकर्णी आम्हाला भेटल्या. एक पुढे नामवंत झाली, दुसरीचा फोटो तिच्या नावाखाली वीस वर्षं भिंतीवर होता.

वडिलांच्या नावातही एक खड्डा आहे. काही ठिकाणी रकाना ‘पालक’ असा असतो, आणि तिथे मामा, काका किंवा पुण्यातला ओळखीचा गृहस्थ असतो. बाहेरगावाहून आलेल्या मुलींच्या बाबतीत हे फार. इरावतीबाईंचंच बघा: वडील ब्रह्मदेशात, त्या आधी शाळेच्या वसतिगृहात आणि नंतर मैत्रीण शकुंतला परांजपे हिच्या घरी, रँग्लर परांजप्यांकडे राहिल्या. अशा मुलीपुढे पालक म्हणून कुणाचं नाव असेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून रोज घरून येणाऱ्या मुलींना एक पुरावा, जनरल रजिस्टर. आणि वसतिगृहातल्या मुलींना दोन, कारण वसतिगृहाचं वेगळं पुस्तक असतं. दुसरं हाती असेल तर आधी ते उघडावं.

‘इथून मॅट्रिक झाल्या’ हे वाक्य लिहिताना हात आखडता घ्यावा. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे, शाळा नव्हे. एसएससी बोर्ड आलं ते स्वातंत्र्यानंतर. शाळेकडे असतो तो फॉर्म भरल्याचा पुरावा किंवा शेऱ्यात लाल शाईने लिहिलेलं ‘मॅट्रिक पास’. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळीच होती, त्यामुळे त्या वाटेने गेलेली मुलगी मुंबईच्या यादीत शोधून सापडणार नाही आणि म्हणून ती नापास ठरत नाही. बोर्डाच्या काळातही १९७५ ला थांबावं लागतं. त्या साली जुन्या अकरावीच्या आणि नव्या दहावीच्या अशा दोन तुकड्या बाहेर पडल्या, आणि एकाच वर्षाच्या दोन ‘पहिल्या’ निघतात.

शाळा सोडल्याच्या रकान्यात ‘लग्न झाल्याने’, ‘वडिलांची बदली’, ‘स. गै.’ असं काय काय असतं. ‘स. गै.’ म्हणजे सतत गैरहजर. तो रकाना कोरा असेल तर मुलगी पास होऊन गेली असं नव्हे, तिने दाखला नेला नाही एवढंच. जुन्या मुलींनी दाखला न नेणं अगदी नेहमीचं होतं, पुढे कुठे दाखवायचाच नव्हता.

या सगळ्यातून आम्ही यादीत दोनच क्रियापदं ठेवली: ‘शेवटची परीक्षा इथून दिली’ आणि ‘अमुक ते अमुक साल इथे शिकल्या’. शांता शेळके आधी राजगुरुनगरला, मग हुजूरपागेत. दोन्ही शाळांनी आमची म्हणावं, त्यात काही गैर नाही, फक्त वर्षं लिहावीत. ‘शिकल्या असे सांगितले जाते’ हे तिसरं क्रियापद आम्ही काढून टाकलं. ते एकदा शिरलं की सगळी भाषणं त्यातून आत येतात.

नामवंत कुणाला म्हणायचं यावरून बैठका झाल्या. शाळेबाहेरच्या कुणीतरी घेतलेली दखल हवी, असं ठरलं. इरावतीबाईंच्या ‘युगान्त’ला १९६८ चं साहित्य अकादमी पारितोषिक, कमल रणदिव्यांना १९८२ ची पद्मभूषण, शांताबाईंना १९९६ च्या आळंदीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद: अशी कुणालाही तपासता येईल अशी एक तरी गोष्ट प्रत्येकीपुढे. ‘थोर समाजसेविका’ एवढंच लिहिलेली कार्डं परत केली. शाळेच्या देणगीदार असणं ही वेगळी यादी, तिचा फलक वेगळा. हा मुद्दा बैठकीत बोलायला जड जातो, पण सुरुवातीलाच बोलून टाकावा.

रजिस्टरातलं सगळं छापायचं नसतं. जात, आजारपण, वर्तणुकीचा शेरा, शाळा सोडल्याचं कारण, यातलं काहीही बाहेर जाऊ दिलं नाही. फोटो घेताना शेजारच्या ओळी येतात; त्या झाकून मगच ती प्रत पुढे दिली. हयात बाईंना आधी पत्र, त्यांचं होकाराचं उत्तर कार्डाला टाचून. दोघींनी नको म्हटलं, त्यांची नावं यादीत नाहीत.

भिंतीवरचा गुणवंत फलक हा पुरावा नव्हे. सागवानी फळी, काळा रंग, पांढरी अक्षरं. दर दहा-पंधरा वर्षांनी रंगारी येतो आणि जुन्यावरूनच नवी अक्षरं गिरवतो. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार आडनावावरून उडतो. अक्षर पुसट झालं असेल तर रंगारी स्वतःच्या अंदाजाने आडनाव पुरं करतो. खोलीत अंधार करून टॉर्च फळीला लागून आडवा धरला की खालच्या थरातल्या जुन्या अक्षरांचे उंचवटे सावल्यांनी दिसतात. आम्ही सहा ओळी अशा वाचल्या. त्यांतल्या दोन ओळींत वरचं आडनाव आणि खालचं आडनाव वेगळं निघालं, आणि रजिस्टर खालच्याच्या बाजूने बोललं. सालांचाही घोळ असतो. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल, परीक्षा मार्चमध्ये, बक्षीस पुढच्या डिसेंबरच्या संमेलनात. फलकावर यातलं कुठलंही साल असू शकतं. नव्या फलकावर ‘परीक्षा मार्च अमुक’ असंच लिहून घेतलं.

वर्गाच्या फोटोंचंही तसंच. पुठ्ठ्यावर ‘बसलेल्या, डावीकडून’ लिहिलेलं असतं, पण डावी बाजू बघणाऱ्याची की बसणारीची ते नसतं. मधल्या खुर्चीवरच्या मुख्याध्यापिका बहुतेक वेळा ठाऊक असतात, पण त्या मधोमध असल्याने त्यांचा इथे काही उपयोग नाही. कडेला बसलेल्या शिक्षिकांपैकी एक जरी ओळखू आली तर दिशा ठरते. पुठ्ठ्यावरची नावं सासरची असतील तर ती नंतर कुणीतरी आठवणीने लिहिलेली आहेत, हे धरून चालावं.

नव्या फलकाच्या वेळी रंगाऱ्याला हाताने लिहिलेली यादी दिली नाही. प्रत्यक्ष मापात छापून, प्रत्येक ओळ वेगळ्या पट्टीवर दिली, माहेरचं नाव आधी आणि प्रसिद्ध नाव नंतर. रोज संध्याकाळी दिवसभरात रंगवलेल्या ओळी उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर करून वाचल्या. सरळ वाचलं की डोळा शब्द ओळखतो आणि चूक गिळतो. तरीही एका आडनावातला अनुस्वार राहिलाच, तो ओला रंग असतानाच दिसला म्हणून बरं. कार्डांचा खोका आणि फोटोंची प्रत आता जनरल रजिस्टरांच्याच कपाटात, सर्वांत वरच्या फळीवर आहे. किल्ली कारकुनाकडे, आणि खोक्यात वरच पेन्सिल.